क्षमाशील लोखंड

लोखंड आणि क्षमा हे दोन शब्द शेजारीं शेजारीं बसलेले आमच्या वाचकांनीं बहुधा पाहिले नसतील. आपल्या भाषेंत लोखंडाच्या वांट्यास आलें आहे तें सारें कठीणच. चणे चावायचे ते लोखंडाचे, आणि सोनाराच्या शंभर घावांना पुरून उरतो तो घाव लोहाराचा. क्षमा हें तर पृथ्वीचें नांव. नांगर सोसते, कुदळ सोसते, म्हणून संस्कृतांत ती क्षमा आणि सर्वंसहा. असें असतां स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज गांवीं एका दुकानाच्या कांचेआड ‘फर्गिव्हिंग आयर्न्स’, म्हणजे शब्दशः ‘क्षमाशील लोखंडें’, अशी पाटी दिसली, तेव्हां जन्मभर मुलांना समास सोडवावयास लावणाऱ्या आमच्यासारख्या माणसाचा पाय तेथें अडला यांत नवल नाहीं. गोल्फच्या ज्या काठ्यांचें डोकें लोखंडाचें असतें त्यांस तिकडे नुसतें ‘आयर्न’ म्हणतात. आणि खेळणाराचा फटका कडेला लागला तरी जी काठी त्याला फारशी शिक्षा होऊं देत नाहीं ती ‘क्षमाशील’. शिवाय या काठ्या चेंडू पूर्वीपेक्षां लांब नेतात, असेंही पाटीवर लिहिलें होतें. क्षमा आणि वर बक्षीस! ही गोष्ट पारखून घेण्याजोगी खरी. आणि आम्हांस ती पारखणें भागच होतें, कारण तिच्यावर आमच्या घरचा एक प्रश्न अवलंबून होता.

तो प्रश्न असा. आमचे ज्येष्ठ मेहुणे १९७८ सालीं डॉक्टरीच्या पुढील अभ्यासासाठीं स्कॉटलंडांतील डंडी शहरीं गेले, ते तेथेंच राहिले. आतां वय एकाहत्तर. वहिनी जाऊन तीन वर्षें झालीं, मुलगा लंडनकडे. घर मोठें, बाग मोठी आणि माणूस एक. आमच्या कुटुंबाचा आग्रह असा कीं, दादानें आतां पुण्यास यावें; जुन्या वाड्याच्या जागीं उठलेल्या इमारतींत त्याच्या वांट्याच्या दोन खोल्या कुलपांत पडल्या आहेत, त्या उघडाव्या. दादांचें उत्तर दरवेळीं एकच : ‘‘बुधवारचा खेळ चालू आहे तोंवर मी येथें बरा आहें.’’ दर बुधवारीं ते व त्यांचे तीन स्कॉटिश सोबती मिळून गोल्फ खेळतात. तिघांत एक निवृत्त पोस्टमन आहे, एक मच्छीमार बोटीचा मालक होता आणि एक आमच्याच धंद्यांतला, म्हणजे शाळामास्तर. वहिनी गेल्या त्या आठवड्यांत हे तिघे पाळीपाळीनें रोज संध्याकाळीं सुपाचें भांडें घेऊन दारांत उभे राहत, हें दादांनीं आम्हांला दोनदां सांगितलें. परंतु गेल्या हिवाळ्यापासून दादांच्या उजव्या आंगठ्याच्या मुळाशीं संधिवात बसला आहे. चेंडू काठीच्या जरा कडेला लागला कीं झणका कोपरापर्यंत जातो, आणि त्या रात्रीं चहाचा पेलाही उचलवत नाहीं. फेब्रुवारींत त्यांनीं कळविलें कीं, उन्हाळ्यापर्यंत पाहतों, नाहीं तर काठ्या माळ्यावर टाकतों. ‘मग येच,’ असें आमच्या घरांतून तत्काळ उत्तर गेलें. २०२४ च्या जूनमध्यें आम्ही उभयतां डंडीस पोंचलों तीं अशा स्थितींत. बहिणीच्या मनांत भावाला घेऊन परतावयाचें, भावाच्या मनांत नव्या काठ्या अजमावून पाहावयाच्या. आणि मध्यें आम्ही, दोन्ही पक्षांचे साक्षीदार.

डंडीहून सेंट अँड्र्यूज सुमारें २० किलोमीटर. टे नदीचें मुख तेथें खाडीसारखें रुंद आहे. त्यावरील १९६६ चा रस्त्याचा पूल ओलांडला कीं फाइफ प्रांत लागतो. उजव्या हातास दूर आगगाडीचा पूल दिसतो. त्याच्या आधींचा पूल १८७९ च्या २८ डिसेंबरला वादळांत चालत्या गाडीसकट नदींत गेला. त्याच्या खांबांचे बुंधे अजून पाण्याबाहेर डोकावतात. पुढें बटाट्याचीं व गव्हाचीं शेतें, आणि मग एकाएकीं समुद्राच्या कडेला दगडी मनोऱ्यांचें गांव. येथील विद्यापीठ १४१३ सालचें. येथील प्रार्थनामंदिर १३१८ मध्यें अर्पण झालें; आज त्याच्या भिंतींचे कांहीं भाग व टोंकाचे मनोरे तेवढे उभे आहेत. परंतु जगभरचीं माणसें येथें येतात तीं विद्यापीठासाठीं नव्हेत कीं देवळासाठीं नव्हेत, गांव व समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यासाठीं. हा पट्टा म्हणजे ‘लिंक्स’. जमीन रेताड, नांगरास निरुपयोगी, उंचसखल. वर आंखूड, चिवट गवत. ज्या जमिनीला शेतकरी हात लावीत नाहीं तिच्यावर मेंढपाळांनीं व पोरांनीं चेंडू हाणावा, हें कोणत्याही देशांत होण्यासारखेंच आहे.

आम्ही प्रथम गेलों तो रविवार होता. येथील सर्वांत पुराण्या मैदानावर, त्याला ‘ओल्ड कोर्स’ म्हणतात, रविवारीं खेळ बंद असतो. माणसांना विसांवा नको असला तरी गवताला हवा, असें एका जुन्या मैदानरक्षकानें म्हटल्याचें सांगतात. त्या दिवशीं सारें गांव तेथें फिरावयास येतें. लहान मुलें, कुत्रीं, ढकलगाडींतलीं अर्भकें, हातांत हात घातलेलीं म्हातारीं जोडपीं. पुण्याच्या माणसाला याचा मोठा अचंबा वाटतो. आपल्या देशांत हा खेळ १८२९ सालीं कलकत्त्यास आला तो साहेबांच्या कुंपणांत, आणि कुंपण तेव्हांपासून कायमच राहिलें आहे. येथें मात्र मैदान गांवाचें. १५५२ सालीं येथील धर्माध्यक्षाला लिंक्सवर ससे पाळण्याची मोकळीक मिळाली, तेव्हांच गांवकऱ्यांचा तेथें गोल्फ खेळण्याचा हक्क कागदावर नोंदला गेला. पुढें १७९७ मध्यें कर्जबाजारी नगरसभेनें जमीन विकली व ती सशांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं गेली; ससे आणि खेळाडू यांचा तंटा वीस-पंचवीस वर्षें चालला. १८२१ मध्यें शेजारच्या एका जमीनदारानें ती विकत घेऊन खेळाला वांचविली. १९७४ पासून पार्लमेंटच्या कायद्यानें नेमलेलें विश्वस्तमंडळ तिचा कारभार पाहतें. राजांची मर्जी मात्र प्रथम अशी नव्हती. १४५७ मध्यें दुसऱ्या जेम्सनें गोल्फवर बंदी घातली, कारण त्या नादानें लोक धनुर्विद्या विसरूं लागले होते. आणि त्याच्याच नातवानें, चौथ्या जेम्सनें, १५०२ मध्यें पर्थ शहरच्या धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडूनच गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या! बंदीचें जें व्हावयाचें तें झालें.

मैदानाच्या शेवटच्या टप्प्यांत स्विल्कन नांवाचा लहानसा ओढा आहे. त्यावर गांवच्या बायका एके काळीं धुणीं धूत. ओढ्यावर एक कमानदार दगडी पूल आहे, सुमारें ७०० वर्षांचा, मूळ गुरांमेंढरांसाठीं बांधलेला. जगांतील प्रत्येक मोठा गोल्फपटु या पुलावर उभा राहून छायाचित्र काढून घेतो. २०२३ सालीं त्याच्या तोंडाशीं नवी फरशी बसविली, तेव्हां एवढा गिल्ला झाला कीं ती थोड्याच दिवसांत उखडावी लागली. आमच्या कुटुंबानें पूल पाहून विचारलें, ‘‘एवढाच? आमच्या कोंकणांतला साकव याहून मोठा.’’ दादा कांहीं बोलले नाहींत. पुलाच्या कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

१७६४ पर्यंत या मैदानावर २२ खळ्यांचा खेळ होई. त्या वर्षीं कांहीं आंखूड टप्पे एकत्र करून तो १८ चा केला, आणि तोच आंकडा पुढें जगानें उचलला. ज्या मंडळानें हें केलें तें १७५४ सालीं २२ गृहस्थांनीं स्थापिलेलें. १८३४ मध्यें चौथ्या विल्यमनें त्याला ‘रॉयल’ पदवी दिली. त्याच्या दगडी वास्तूमागें गोल्फचें संग्रहालय आहे. ज्यांना खेळांत गोडी नाहीं त्यांनींही तें पाहावें, कारण एका वस्तूनें दुसरी कशी बदलते याचा तेथें उत्तम पाठ आहे. शे-दोनशें वर्षांपूर्वींचा चेंडू पिसांचा असे. चामड्याची पिशवी शिवून तींत टोपीभर हंसाचीं पिसें उकळून, ओलीं असतांनाच, ठांसून भरीत. वाळतांना पिसें फुगत व कातडें आकसे, आणि चेंडू दगडासारखा होई. चांगला कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करी. असा महाग चेंडू लोखंडाची धार लागली कीं उसवे. म्हणून त्या काळीं काठ्या बहुतेक लाकडाच्या. लोखंड बाहेर काढावयाचें तें गाडीच्या चाकोरींत किंवा वाळूंत चेंडू रुतला तरच. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून, म्हणजे गट्टापर्च्यापासून, केलेला चेंडू आला. हाच चीक समुद्राखालच्या तारांना लपेटीत. चेंडू स्वस्त झाला आणि लोखंडाला न फाटणारा झाला. येथील प्रख्यात चेंडूकार ॲलन रॉबर्टसन याचें पोट पिसांवर. त्याचा सहकारी टॉम मॉरिस नव्या चेंडूनें खेळला म्हणून दोघांत बिनसलें, आणि टॉम १८५१ मध्यें गांव सोडून प्रेस्टविकला गेला. आणखी एक मौज अशी कीं नवा कोरा गुळगुळीत चेंडू नीट उडेना. काठीचे ओरखडे पडून जुना झाला म्हणजे तोच छान जाई. तेव्हां कारागीर हातोडीनें आधींच ओरखडे पाडूं लागले. आजच्या चेंडूवरील खळगे म्हणजे त्याच ओरखड्यांचे वंशज.

टॉम पुढें परत आला. त्याची व त्याच्या मुलाची समाधि त्या पडक्या प्रार्थनामंदिराच्या आवारांत आहे. मुलगा बापाहून थोर खेळाडू. १८७५ च्या सप्टेंबरांत त्याची बायको बाळंतपणांत मुलासह गेली, आणि त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं हाही गेला, वय २४. बाप १९०८ पर्यंत जगला. दादा या जागीं नेहमीं येतात असें त्यांच्या चालण्यावरून दिसलें. वाट विचारावी लागली नाहीं.

असो. लोखंडाकडे वळूं. लोखंडाचा मार्ग मोकळा झाला तरी शंभर वर्षें त्याचें रूप एकच होतें : लोहारानें ठोकून काढलेलें पातळ पातें. दांडी प्रथम हिकरी लाकडाची. पोलादी दांडीस येथील मंडळानें १९२९ मध्यें परवानगी दिली. पातें तसेंच राहिलें. त्याचा स्वभाव आपल्या जुन्या शास्त्रीबोवांसारखा : मध्यावर नेमका घाव बसला तर प्रसन्न, बोटभर इकडेतिकडे झालें कीं छडी. हा स्वभाव बदलणारा पुरुष कारागीर नव्हता, एंजिनियर होता. कार्स्टन सोल्हाइम हा १९११ सालीं नॉर्वेंत जन्मला, चांभाराचा मुलगा, अमेरिकेंत वाढला, जनरल इलेक्ट्रिक कंपनींत नोकरीस होता. चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकूं लागला आणि काठीवरच रागावला. १९५९ मध्यें त्यानें आपल्या मोटारीच्या खोलींत एक काठी बनविली. नमुना म्हणून साखरेचे चौकोन व आइस्क्रीमच्या काड्या वापरल्याचें सांगतात. तिचा आवाज ‘पिंग’ असा येई, तेंच नांव पडलें. तत्त्व एवढेंच कीं वजन मध्यें गोळा न करतां दोन्ही टोंकांस वांटावें. तेंच त्यानें पुढें आयर्नांस लावलें. १९८२ मध्यें निघालेलें त्याचें ‘आय टू’ आयर्न तर फारच गाजलें.

हें तत्त्व समजण्यास एंजिनियर व्हावें लागत नाहीं. डोंबारी दोरावरून चालतांना हातांत लांब काठी कां धरतो? वजन दूर पसरलें म्हणजे तें सहजासहजीं फिरत नाहीं. गोल्फच्या काठीच्या डोक्याला, शरीराप्रमाणें, तोंड आहे, टांच आहे, चवडा आहे, तळवा आहे. चेंडू तोंडाच्या मध्याऐवजीं चवड्याकडे लागला तर डोकें दांडीभोंवतीं गिरकी घेतें. जोर गिरकींत जातो, चेंडूला मिळत नाहीं, आणि धक्का खेळणाराच्या हातांत येतो. पाठ कोरून तेथलें पोलाद कडेला नेलें कीं ही गिरकी कमी होते. क्षमा म्हणतात ती इतकीच. हल्लींच्या काठ्यांत आणखी पुढें जाऊन आंत पोकळी ठेवतात, तोंडाचा पत्रा पातळ करतात म्हणजे तो किंचित् लवून चेंडू फेंकतो, आणि चवड्याकडे टंगस्टन या पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड धातूचा खडा बसवितात. वजन खालीं उतरल्यामुळें चेंडू उंच उडतो. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. सारी मेख तेथें आहे.

सोमवारीं सकाळीं आम्ही तिघें सराव-मैदानावर गेलों. लांबलचक पडवीत गोठ्यासारखे कप्पे, समोर मोकळें रान, त्यांत अंतराच्या पाट्या. चेंडूमागें एक लहानशी पेटी ठेवतात. ती रडारनें वेग, कोन व अंतर मोजून पडद्यावर दाखविते. अंतर वारांत. नऊवारी लुगड्याचा वार तोच, हें कळल्यावर आमच्या कुटुंबाला त्या पडद्यांत रस वाटूं लागला. शिकविणारी मुलगी गांवचीच, तिशीच्या आंतली, स्वच्छ बोलणारी. दादांचीं जुनीं आयर्नें तिनें हातांत घेतलीं तीं अदबीनें. त्यांच्या सात आंकड्याच्या पात्यावर, बरोबर मध्यावर, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा भाग झिजून आरशासारखा झाला होता. एकाच जागीं हजारों वेळां घाव बसल्याची ती खूण. विद्वानानें पदव्या दाखवाव्या तशी खेळाडु माणसें ती दाखवितात. मग तिनें नवें सात आंकड्याचें आयर्न पुढें केलें. जाड कपाळ, रुंद तळवा, पोकळ पोट. दादा म्हणाले, ‘‘हें तर फावडें!’’

आम्हीं खिशांतली वही काढली. प्रत्येक काठीनें दहा फटके, आणि मधून मधून आंगठ्याला विसांवा, असें ठरलें. जुन्या साताचा सर्वांत चांगला फटका १२१ वार गेला, सरासरी १०७ आली. नव्या साताचा चांगला १३६, सरासरी १२८. मुलगी हंसून म्हणाली, ‘‘पंधरा वारांची वाढ.’’ दादांच्या चेहऱ्यावर पंधरा वर्षें कमी झालीं. बहिणीच्या चेहऱ्यावर तीं चढलीं. आम्हीं मात्र, धंद्याच्या संवयीनें, एक प्रश्न विचारला : या दोन साताच्या तोंडांचा कल किती किती अंश? तिनें आढेवेढे न घेतां सांगितलें : जुन्याचा ३६, नव्याचा २९. आणि दादांच्या जुन्या पांचाचा? मोजला, तोही २९.

तर मग गोष्ट उघड झाली. आयर्नावरचा आंकडा जितका लहान तितकें तोंड उभें आणि चेंडू लांब. वजन खालीं उतरविल्यामुळें चेंडू उंच उडूं लागला, म्हणून कारखानदारांनीं तोंड अधिक उभें केलें, आणि पांचाच्या कलाला साताचा आंकडा ठोकला. पांचवीचें पुस्तक घेऊन त्यावर सातवीचें वेष्टन चढवावें व मुलगा दोन इयत्ता पुढें गेला म्हणावें, तसला हा प्रकार. आम्हीं दादांना जुन्या पांचानें आणखी दहा फटके मारावयास लावले. त्याचा सर्वांत चांगला गेला १३५ वार. नव्या साताचा १३६. एका वाराचा फरक! आमच्या कुटुंबानें मान डोलाविली, ‘‘तरीच.’’

पण वही मिटण्याआधीं सरासरीकडे पाहणें आमचें कर्तव्य होतें. जुन्या पांचाची सरासरी ११२. नव्या साताची १२८. तोच कल, तोच खेळणारा, तेंच मैदान. चांगल्या फटक्यांत एक वार, आणि साऱ्या फटक्यांत मिळून सोळा. लांबी जाहिरातींत होती ती बरीचशी आंकड्याच्या अदलाबदलीची. क्षमा मात्र खरी निघाली. उत्तम मुलाला या काठीनें कांहीं मिळत नाहीं. काठावरच्याला ती तारते. परीक्षेंत दोन-चार गुणांची सवलत देण्यावरून शिक्षकांच्या बैठकींत आम्हीं पुष्कळ वाद ऐकले आहेत. पण ती सवलत कागदावर मिळते. येथें काठीच्या घडणींत ती भरलेली आहे आणि चेंडू खरोखरच तितका पुढें जाऊन पडलेला दिसतो. दोन्ही गोष्टींस एकच नांव देतां येणार नाहीं.

या क्षमेला सीमाही आहे. दहांपैकीं एक फटका दादांचा चेंडूच्या डोक्यावर बसला. नव्या लोखंडानें त्याची कांहींएक गय केली नाहीं, चेंडू सशासारखा चाळीस वार सरपटला. हिशेबासाठीं आम्हीं प्रत्येक काठीचा असला एकेक फटका वगळला होता, हेंही सांगून ठेवतों. तसेंच चेंडू प्रथम कोणत्या दिशेस निघतो हें मुख्यतः तोंड कोणीकडे वळलें आहे यावर ठरतें. मध्यापासून सरकण्याला क्षमा आहे, तोंड फिरविण्याला नाहीं.

आणि आंगठा? तीस-चाळीस फटक्यांनंतर दादा बोटें उघडझांप करून पाहत होते. जुन्या काठीच्या कडेच्या फटक्यांना ते डोळे मिटीत; नव्या काठीच्या तसल्याच फटक्यांना त्यांनीं फक्त पडद्याकडे पाहिलें. यांत डोक्याइतकाच वांटा दांडीचा. ती ग्रॅफाइटची होती, पोलादाइतका झणका ती वर येऊं देत नाहीं. आणि मूठही जरा जाड असल्यामुळें आंवळून धरावी लागत नव्हती. आमच्या मतें एकाहत्तर वर्षांच्या माणसानें प्रथम दांडी व मूठ बदलावी, डोक्याचा विचार मागाहून करावा. दुकानदार हें ज्या क्रमानें सांगतात तो उलटा आहे.

दुपारीं त्याच काठ्या उसन्या घेऊन दादा बाल्गोव्ह नांवाच्या नऊ खळ्यांच्या मैदानावर गेले. तें मुलांसाठीं व नवशिक्यांसाठीं आहे. तेथें आपलें कसब सिद्ध केल्याचा दाखला लागत नाहीं. खाडीवरून वारा सुटला होता, आणि तेथें नव्या काठ्यांची दुसरी बाजू दिसली. चेंडू इतका उंच चढे कीं वारा त्याला हवा तसा उचलून नेई. या प्रदेशाचा मूळ खेळ बुटका : टणक जमिनीवर चेंडू खालून सोडावयाचा व घरंगळत हिरवळीवर न्यावयाचा. रुंद तळव्याचें फावडें त्या कामीं बोजड. तिसऱ्या खळीशीं दादांनीं पिशवींतून आपलें जुनें सात काढलें, चाळीस वारांवरून हलकेंच लोटलें, आणि चेंडू उतार ओळखून आपल्या पायांनीं चालत गेल्यासारखा झेंड्याशीं जाऊन थांबला. मागें दोन शाळकरी पोरें वाट पाहत उभीं होतीं. त्यांनीं टाळ्या वाजविल्या. आणखी एक अडचण मुलीनें आधींच सांगितली होती. नव्या संचांतील सर्वांत तिरप्या आयर्नाचा कल ४३ अंश, आणि दादांची वाळूंतली काठी ५६ ची. मधल्या तेरा अंशांच्या खिंडींत आणखी एक काठी घालावी लागते. काठ्या तर चौदांच्या वर बाळगतां येत नाहींत. हा नियम येथें १९३९ पासून आहे.

नऊ खळ्या संपल्यावर दादांनीं पेला उचलून चहा घेतला. उजव्या हातानें. बहिणीनें तें पाहिलें, बोलली नाहीं.

संध्याकाळचें ऊन अजून दुपारसारखेंच होतें. ओल्ड कोर्सच्या बाजूला, वाळूच्या टेंकडांना लागून, एक लहान मैदान आहे, त्याचें नांव ‘हिमालय’! जमिनीला इतके उंचवटे कीं दुसरें नांव सुचलें नसावें. येथें फटका मारावयाचा नाहीं, चेंडू नुसता लोटावयाचा. १८६७ मध्यें येथील स्त्रियांनीं आपलें मंडळ काढलें तें याच खेळासाठीं. बाईमाणसानें काठी खांद्याच्या वर नेणें त्या काळीं अशोभनीय समजत. आज थोडे पैसे भरून कोणीही खेळावें. आमच्या कुटुंबानें पदर खोंचला, काठी घेतली आणि पहिल्याच खळींत दोन लोटण्यांत चेंडू घातला. ‘‘सारवलेल्या अंगणाचा उतार ज्याला कळतो त्याला हें काय कठीण?’’ असें त्यांचें म्हणणें. अठरा खळ्यांअखेर त्यांनीं भावाला तीन लोटण्यांनीं हरविलें. आमचा आंकडा येथें देण्याचें प्रयोजन नाहीं.

परततांना, पुलाच्या मध्यावर, मोटारींत त्या म्हणाल्या, ‘‘दादा, घे तुझीं तीं लोखंडें. पण दिवाळीला येशील तो शिमगा करून परत जाशील. येथला हिवाळा तुझ्या आंगठ्याला क्षमा करणार नाहीं.’’

‘‘येरवड्याला मैदान आहे ना, मास्तर?’’ दादांनीं आमच्याकडे वळून विचारलें.

आहे, म्हणून सांगितलें.

नवा संच त्यांच्या मापानें जुळून यावयास कांहीं आठवडे लागले. बुधवारच्या सोबत्यांपैकीं पोस्टमननें त्याला फावडेंच म्हटल्याचें आणि पुढच्या बुधवारीं तेंच मागून घेऊन मारून पाहिल्याचें दादांनीं कळविलें आहे. चौदांचा हिशेब बसविण्यासाठीं त्यांनीं एक लाकडी काठी कमी केली, पण जुनें सात पिशवींत ठेवलें. दोन खोल्यांचीं कुलपें आम्हीं काढवून तेलपाणी केलें असून भिंतींना रंग देण्याचें काम चालू आहे.